बोलायला जायचं, म्हणजे नेमकं काय करायचं?

आपल्याकडे बाईचं मन कधी दुखत नाही. दुखतं ते डोकं, भरून येतात ते पाय, धडधडतं ते काळीज. कुठल्याही गावातल्या दवाखान्याच्या बाकड्यावर तासभर बसून पाहा. "घास उतरत नाही", "हातापायाला मुंग्या येतात", "रात्री तीनला जाग आली की संपलं". डॉक्टर बिचारे रक्त-लघवी तपासतात, ताकदीच्या गोळ्या देतात, फारच आग्रह झाला तर एक सलाईन लावतात. महिन्याभरानं तीच बाई, तेच बाकडं. मधल्या काळात कुणी सांगितलेला उतारा टाकून झालेला असतो, गुरुवार धरून झालेले असतात. आणि घरची मंडळी म्हणतात, "रिपोर्ट तर सगळे नॉर्मल आहेत, मग हिला झालंय तरी काय?"

अशा बाईला अलीकडे कुणी ना कुणी सुचवतं, "कौन्सेलिंगला जा." मराठीत त्याला समुपदेशन म्हणतात. शब्द एवढा जड की दारातच थबकायला होतं. मी आमच्या वरवंडमध्ये चार जणींना विचारून पाहिलं, तिथं काय होत असेल म्हणून. एक म्हणाली, वेड्यांचा डॉक्टर असतो. दुसरी म्हणाली, प्रवचन देतात, सगळ्यांशी गोड वागा म्हणून. तिसरीला वाटत होतं, नवऱ्याला बोलावून चांगला दम देतात. चौथी फक्त म्हणाली, "ते पुण्याच्या लोकांसाठी असतं गं, पैसेवाल्यांसाठी." मैत्रिणींनो, चारही उत्तरं चुकीची आहेत. पण चौथीचं म्हणणं अगदीच टाकून देण्यासारखं नाही, म्हणून आधी पैशांचंच बोलू.

खाजगीत एका बैठकीला जेवढे पैसे पडतात, तेवढ्यात मध्यम घरातला आठवड्याचा किराणा येतो. हे काम एका बैठकीत होत नाही, सहा-आठ तरी लागतात. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकींसाठी तो दरवाजा बंदच. मात्र दुसरे दरवाजे आहेत. काही सेवाभावी संस्था ऐपतीप्रमाणे फी घेतात, काही ठिकाणी काहीच घेत नाहीत. सरकारी दवाखान्यांचं म्हणाल तर १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतली तपासणी आणि उपचार मोफत करण्याचा निर्णय झाला. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम नावाची एक सरकारी योजनाही आहे. देशात ती १९९६ साली सुरू झाली, पण तिचं नाव गावात फारसं कुणाच्या कानावर नसतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा दौंडच्या उपजिल्हा रुग्णालयात सरळ विचारावं, "मनाच्या त्रासासाठी बोलणारं माणूस कोणत्या वारी असतं?" तिथं उत्तर मिळालं नाही तर आशाताईला विचारावं. लाजायचं कारण नाही, तिच्या कामाचाच तो भाग आहे.

फी हा खर्चाचा एकच तुकडा झाला. वरवंडहून पुणं ५०-५५ किलोमीटर. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं ते बरंच झालं. केडगावहून शटल धरली तर आणखी स्वस्त पडतं. पण गाईची धार कोण काढणार? पोरं शाळेतून आल्यावर किल्ली कुणाकडे? आणि सगळ्यांत अवघड म्हणजे सासूबाईंना सांगायचं काय? खरी किंमत ही असते. ती कुठल्याच पावतीवर छापलेली नसते.

म्हणून आधी फोनचं सांगते. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारनं 'टेलिमानस' ही सेवा सुरू केली. नंबर १४४१६. फोन मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलता येतं. आधी प्रशिक्षण घेतलेला समुपदेशक फोन घेतो. त्याला वाटलं की डॉक्टरांची गरज आहे, तर तो पुढे जोडून देतो. ना तिकीट, ना कुणाला सांगायची गरज. गोठ्यात, गच्चीवर, पोरं शाळेत गेल्यावर, कुठूनही फोन करता येतो. मात्र दर वेळी तोच आवाज भेटेल असं नाही. तेव्हा सुरुवात करायला, किंवा रात्री फारच घाबरायला झालं तर फोन उत्तम. लांबचा पल्ला असेल तर समोर बसणारं एकच माणूस बरं, असं माझं मत आहे.

आता 'परक्याला काय सांगायचं?' हा नेहमीचा प्रश्न. दर वर्षी आषाढी वारीत तुकोबांची पालखी आमच्या वरवंडला मुक्कामाला असते. त्या रात्री ओट्या-ओसऱ्यांवर, मांडवात, शाळेच्या व्हरांड्यात कुठल्या कुठल्या गावच्या बायका टेकलेल्या असतात. पाय चेपता चेपता त्या आमच्या बायकांना जे सांगतात आणि आमच्या बायका त्यांना जे सांगतात, ते सख्ख्या जावेलाही कधी सांगितलेलं नसतं. असं का होतं? कारण ती बाई उद्या सकाळी पाटसवरून रोटी घाट चढून पुढे जाणार असते. ती तुमच्या नळावर येणार नसते, हळदीकुंकवाला भेटणार नसते. समुपदेशनाचं निम्मं बळ यातच आहे, की ऐकणारं माणूस आपल्या भावकीतलं नसतं. फरक एवढाच, की पालखी एका रात्रीत जाते आणि हे माणूस दर आठवड्याला ठरल्या वेळी तुमची वाट पाहत बसलेलं असतं. शिवाय त्याला कसं ऐकायचं ते शिकवलेलं असतं.

ही कल्पना काही परदेशातून काल-परवा आलेली नाही. पुण्यात १९८२ च्या सुमारास मंजुश्री सारडा आणि शैला लाटकर या दोन तरुण विवाहितांच्या मृत्यूंनी खळबळ उडाली होती. दोघीही चांगल्या सुशिक्षित, खात्यापित्या घरांतल्या. त्या अस्वस्थतेतून विद्या बाळ आणि त्यांच्या मैत्रिणींनी नारी समता मंच उभा केला. ('स्त्री' मासिकाच्या विद्याताई आपल्यापैकी कित्येकींच्या आयांनी वाचल्या असतील.) मंचानं पुढे बायकांसाठी जे केंद्र चालवलं, त्याचं नावच 'बोलते व्हा'. दोन शब्दांत सगळं आलं. मुंबईत १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेनं पोलीस आयुक्तांच्या कार्यालयातच स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये मानसिक आरोग्याची संस्था काढली. तेव्हा 'हे आपल्यातलं नाही' असं कुणी म्हणू नये.

आत गेल्यावर काय होतं, ते माझ्या माहितीतल्या एका बाईंच्या अनुभवावरून सांगते. त्यांनी परवानगी दिली आहे. नाव-गाव मात्र सांगत नाही.

वय पस्तिशीच्या आतबाहेर. घरी ऊस, दोन गाई, नवरा कुरकुंभच्या कारखान्यात पाळीनं कामाला. तोडणीच्या दिवसांत त्यांची आई गेली. तेरावा झाला नि दुसऱ्याच दिवशी त्या सासरी परत आल्या, कारण घरात माणसांचं जेवण होतं. नंतर कुणी त्या विषयावर अक्षर काढलं नाही. सहा महिन्यांत झोप गेली. भाजीत मीठ दोनदा पडायचं नाही तर पडायचंच नाही. धार काढताना डोळ्यांना धार लागायची. गोळ्या झाल्या, एक देवस्थान झालं. शेवटी एका नात्यातल्या नर्सबाईंनी पुण्यातल्या एका संस्थेत वेळ घेऊन दिली. फी ऐपतीप्रमाणे.

पहिल्या दिवशी आधी एक कागद भरून घेतला. वय, घरात कोण कोण, झोप, भूक, पाळी, आधीची औषधं, माहेरी-सासरी कुणाला असा त्रास होता का. मग नऊ प्रश्न, सगळे गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे. कशातच रस वाटत नाही असं किती दिवस झालं, थकवा किती दिवस, आपण कुचकामी आहोत असं किती दिवस वाटलं. आणि शेवटी समोरच्या ताईंनी आवाज न बदलता विचारलं, "जीव नकोसा वाटतो का? तसं काही करावं असं मनात येतं का?"

या बाई सांगतात, "माझ्या अंगावर काटा आला. हे कुणी असं तोंडावर विचारतं का?" पण पुढे त्यांच्याच तोंडून निघून गेलं, की विहिरीवर गेलं की पाय लवकर निघत नाही. ऐकून ताई दचकल्या नाहीत, 'असं बोलू नये' म्हणाल्या नाहीत. पुढचं विचारलं. कधी वाटतं, किती वेळ, त्या वेळी जवळ कोण असतं. आणि मग एकदम व्यवहाराचं: "शेतावरच्या फवारणीचं औषध घरात कुठं ठेवता?" ते न्हाणीघराच्या फळीवर होतं. त्याच आठवड्यात ते कुलपात गेलं आणि किल्ली दिराकडे. विहिरीवर एकटीनं जायचं नाही असं ठरलं. कुणाला हाक मारायची ते ठरलं, एका कागदावर तीन नंबर लिहून झाले.

हे मी मुद्दाम सविस्तर सांगते. असा प्रश्न विचारल्यानं नसता विचार डोक्यात शिरतो, अशी आपली समजूत असते. तसं होत नाही. आधीपासून असलेला विचार बाहेर यायला वाट मिळते. कायद्याचीही भीती बाळगू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं ठरवून दिलं, की जिवाचं बरंवाईट करू पाहणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली आहे असं धरायचं आणि सरकारनं तिची काळजी घ्यायची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर त्या प्रयत्नासाठी शिक्षा देणारं जुनं ३०९ कलम राहिलेलंच नाही.

एवढं सगळं होऊनही बाई घरी आल्या त्या नाराज होऊनच. "नुसतंच विचारलं. सांगितलं काहीच नाही. एवढ्यासाठी मी दिवस मोडला?"

बहुतेक जणी इथंच उठून येतात, परत जात नाहीत. आपल्याला सल्ल्याची सवय आहे. डॉक्टरकडे गेलं की चिठ्ठी, गुरुजींकडे गेलं की मुहूर्त, मोठ्या जाऊबाईंकडे गेलं की 'असं कर'. समुपदेशक तसं करत नाही. 'सासू सोडा, वेगळं राहा' म्हणत नाही, तसंच 'नांदा' असंही म्हणत नाही. पहिल्या बैठकीत ते फक्त गुंता कुठून कुठे गेलाय ते पाहतात. लोकरीचा गुंडा सोडवताना आपण नाही का आधी टोक शोधत? माझं सांगणं एवढंच, की पहिल्या बैठकीवरून निकाल लावू नये. तिसऱ्या बैठकीपर्यंत तरी जावं. तोवर काहीच हाती लागलं नाही तर मग खुशाल माणूस बदलावं.

दुसऱ्या खेपेला या बाईंना एक वही करायला सांगितली. दिवसभरात काय केलं आणि त्या वेळी मन कसं होतं, एवढंच लिहायचं. त्यांना हसू आलं, पण लिहिलं. आठ दिवसांत त्यांच्याच लक्षात आलं, की दुपारी तीन ते पाच फार वाईट जातात. त्या वेळी घरात कुणी नसतं आणि आई गेल्याचा फोन त्याच वेळी आला होता. आणि भजनी मंडळात जायचं त्यांनी सहा महिन्यांत आपोआप बंद केलं होतं. ताईंनी 'भजनाला जा' असं सांगितलं नाही. विचारलं, "यातलं काय पुन्हा सुरू करता येईल, अगदी थोडं?" ठरलं, की आठवड्यातून एक दिवस, तेही अर्धा तास. मन बरं झालं की मग करू, असं नाही. आधी करायचं, मन मागून येतं. या पद्धतीचा सगळा भर यावर असतो.

चौथ्या बैठकीत त्या रडल्या. आईसाठी नव्हे, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी भाकऱ्या थापायला बसावं लागलं त्या रागानं. आपल्याला राग आलाय हे त्यांना तोवर माहीतच नव्हतं. सात बैठका झाल्या. सासूबाई बदलल्या नाहीत. नवऱ्याची रात्रपाळी चुकली नाही. झोप मात्र आली, आणि वर्षश्राद्धाला त्यांनी माहेरी पाच दिवस राहायचं आधीच सांगून टाकलं, विचारलं नाही.

आता कुणी म्हणेल, फी नाही नि डिग्रीवाला डॉक्टर नाही, मग ते साधं शिकलेलं माणूस काय बरं करणार? शंका रास्त आहे. हे प्रत्यक्ष पडताळून पाहिलेलं आहे, तेही आपल्या शेजारी गोव्यात. तिथं १९९६ साली सुरू झालेल्या 'संगाथ' संस्थेनं शाळा पूर्ण केलेल्या साध्या माणसांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ जणांचे दोन गट केले. एका गटाला केंद्रातले नेहमीचे उपचार, दुसऱ्याला त्याच्या जोडीला सहा ते आठ बैठका, प्रत्येक अर्ध्या-पाऊण तासाची. तीन महिन्यांनी पाहिलं, तर पहिल्या गटात शंभरातल्या ३९ जणांचं नैराश्य ओसरलं होतं, दुसऱ्यात ६४ जणांचं. हा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आहे. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यातही २०१३ ते २०१५ या काळात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्रानं 'आत्मीयता' नावाचं काम ४१ गावांत केलं. तिथं गावातलीच शिकवलेली माणसं घरी जाऊन बोलायची.

मला सगळ्यांत आवडते ती आफ्रिकेतल्या झिम्बाब्वेची गोष्ट. तिथले मनोविकारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा यांची एक तरुण रुग्ण गेली, तिनं स्वतःच जीव दिला. आईला विचारलं, दवाखान्यात का आणलं नाही? ती म्हणाली, बसभाड्याला १५ डॉलर नव्हते. तेव्हा डॉक्टरांनी ठरवलं, की लोक दवाखान्यात येऊ शकत नसतील तर दवाखान्यानं त्यांच्या वस्तीत जायचं. पण माणसं कुठून आणायची? हाताशी होत्या त्या १४ आज्या, आरोग्याचं काम करणाऱ्या. २००६ साली त्यांना शिकवलं, दवाखान्याच्या आवारात झाडाखाली एक लाकडी बाक टाकला, झालं. तिकडच्या शोना भाषेत या आजाराला शब्द आहे, त्याचा अर्थ 'फार विचार करणं'. आपल्याकडेही 'फार विचार करते' असंच म्हणतात की नाही? पुढे ५७३ जणांवर अभ्यास झाला. सहा महिन्यांनी बाकावर बसलेल्यांपैकी शंभरात १४ जणांत नैराश्याची लक्षणं उरली होती, नेहमीचे उपचार घेतलेल्यांत ५० जणांत. तेव्हा डिग्रीपेक्षा शिकवणी नीट झाली आहे का, आणि वर देखरेख करणारं कुणी जाणतं आहे का, हे बघावं.

ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे. "तुम्ही काय शिकलात? अडचण आली तर कुणाला विचारता? किती बैठका लागतील? फी एकदाच सांगा." चांगल्या माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही. ज्याला येतो त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये. एका बाईंना एका ठिकाणी (नाव घेत नाही) पहिल्या दहा मिनिटांत ऐकावं लागलं, "पुरुष जरा तापट असतातच, तुम्ही गोडीनं घ्या." हे समुपदेशन नव्हे, हे तर घरीच फुकट मिळतं! तसंच 'दोन बैठकांत गॅरंटी' म्हणणारा, किंवा अंगारा आणि समुपदेशन एकाच ताटात वाढणारा, यांच्यापासून लांब राहावं.

छोट्या गावातली मोठी भीती म्हणजे बोभाटा. आशाताई आपल्याच आळीतली, नर्स नणंदेची मैत्रीण. तेव्हा पहिल्याच दिवशी विचारून घ्या, "मी बोलले ते कुणाकुणाला कळेल?" मनाच्या आजारावर उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त ठेवायची, असं २०१७ च्याच कायद्यात आहे. नवऱ्यानं फोन करून 'ती काय बोलली' विचारलं तरी सांगायचं नसतं. काही गोष्टींना मात्र अपवाद. कुणाच्या जिवाला धोका असेल तर, आणि लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर. दुसऱ्या बाबतीत कळवणं कायद्यानं बंधनकारकच आहे. गावात बोलायला संकोच वाटत असेल तर तालुक्याला जावं, तालुक्यातही ओळखी असतील तर पुण्याला.

आणि काही वेळा नुसत्या बोलण्यानं भागत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. कानात आवाज येणं, नसलेलं दिसणं, बाळंतपणानंतर स्वतःच्या बाळाची भीती वाटणं, आठवडाभर अन्न-झोप काहीच नसणं, याला मनोविकारतज्ज्ञ लागतो आणि औषध लागतं. औषध म्हणजे वेड नव्हे. थायरॉईडची गोळी आपण घेतोच ना?

घरात मारहाण असेल तर गोष्टच वेगळी. तिथं नवरा-बायकोला शेजारी बसवून 'दोघांनी समजून घ्या' करणं धोक्याचं आहे. त्याच्यासमोर बोललेल्या प्रत्येक शब्दाचा हिशेब घरी गेल्यावर होतो. अशा वेळी एकटीनंच बोलावं. १८१ हा महिलांसाठीचा मदतीचा नंबर आहे, जीव धोक्यात असेल तर ११२. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा आहे, त्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. मुंबईतल्या त्या कक्षासारखे कक्षही आता राज्यात ठिकठिकाणी आहेत.

दारूचं घर असेल तर पुण्याचं मुक्तांगण आठवावं. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी ते सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांचा त्याला आधार होता. तिथं पिणाऱ्याइतकाच त्याच्या बायकोचा विचार केला जातो. बायकांच्या गटाचं नाव 'सहचरी'. त्यानं सोडली नाही तरी तिनं कसं सावरायचं, हा विषय तिथं बोलता येतो. एरवी पिणाऱ्याभोवती सगळं घर फिरत असतं, हिला कुणी विचारत नाही.

राहिला घरी सांगायचा प्रश्न. 'मी कौन्सेलिंगला चाललेय' असा बॉम्ब टाकायची गरज नाही. "झोपेसाठी दाखवायचंय, चार-सहा वेळा जावं लागेल" हे खोटं नाही आणि पुरेसंही आहे. नवरा समजूतदार असेल तर पहिल्या दिवशी बरोबर न्यावा, पण आत एकटीनं जावं. आधीच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या पिशवीत टाकाव्यात. वेळ शक्यतो दुपारची मागावी, सकाळच्या शटलला नोकरदारांची गर्दी असते. बाहेर पडल्यावर लगेच घरी निघू नये. रडून आलेले डोळे निवायला अर्धा तास लागतो, तेवढ्यात चहा घ्यावा. आणि मध्ये लग्नसराई आली, पाहुणे आले, तोडणी आली नि दोन बैठका बुडाल्या, तर आता कुठल्या तोंडानं जाऊ असं करू नये. फोन करून पुढची वेळ मागावी. तिथं कुणी रागावत नाही.